कौतुक सप्ताहातली शेळी

कौतुक करणाऱ्या माणसांची मला भीती वाटते. कुणी माझ्या कुर्त्याकडे बघून "छान आहे गं" म्हटलं की मी अंग चोरते, आणि मला स्वतःला कुणाच्या घरातलं काही आवडलं तर शब्द बाहेर पडायच्या आत जीभ चावते. मैत्रिणी मला तुसडी म्हणतात. म्हणोत बापड्या. त्यांच्या शाळेत कौतुक सप्ताह झाला नव्हता.

आमची शाळा दौंडला, रेल्वे कॉलनीपासून चालत जाण्याइतकी जवळ. पप्पा रेल्वेत, त्यामुळे आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. मी आठवीत असताना शाळेनं डिसेंबरात दप्तराविना आठवडा ठेवला आणि त्याला विषय दिला कौतुकाचा. कल्पना आमच्या वर्गशिक्षिका बाईंची. बाई नुकत्याच कसलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि प्रशिक्षणाहून आलेली माणसं काही दिवस जशी जमिनीपासून वीतभर वरून चालतात, तशा चालत होत्या. सोमवारी त्यांनी आम्हाला दोन नियम दिले. पहिला, जे आवडेल त्याचं मोकळेपणानं कौतुक करायचं. दुसरा, आपलं कुणी कौतुक केलं किंवा प्रेमानं काही दिलं तर "छे छे, कशाला, नको नको" असलं काही करायचं नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हसायचं आणि "धन्यवाद" म्हणायचं.

"आपल्या लोकांना घेता येत नाही," बाई म्हणाल्या. "घ्यायला शिका."

मी शिकले. इतक्या पटकन मी आयुष्यात दुसरं काहीही शिकलेली नाही.

मंगळवारपर्यंत वर्गात सगळ्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि सगळ्यांचा स्वभाव सोन्यासारखा झाला होता. कालपर्यंत एकमेकींच्या वेण्या ओढणाऱ्या आम्ही एकमेकींच्या वेण्यांची तारीफ करत होतो. शिपाईमामांना तर इतक्या जणांनी गाठून "तुम्ही घंटा फार छान वाजवता" सांगितलं की ते शेवटी वैतागले. "अरे, पगार घेतो त्याचा, पळा," म्हणाले. त्यांना घेता येत नाही, असं आम्ही ठरवून टाकलं.

बुधवारी बस निघाली वडगाव रासाईला. भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो, आणि त्या काठाला हे गाव. तिथल्या शाळेशी आमच्या शाळेची जोडी लावली होती. आमच्यातल्या प्रत्येकाला तिथला एक जोडीदार. त्याच्या घरी जायचं, जेवायचं, दिवसभर त्याच्याबरोबर राहायचं. शनिवारी समारोपाला ते सगळे दौंडला येणार होते.

माझ्या वाट्याला आली ती एक किडकिडीत, कमी बोलणारी मुलगी. लाल रिबिनी, दोन वेण्या, आणि काहीही विचारलं की आधी हसणार मग बोलणार. तिचं घर उसाच्या कडेला. अंगणात बाजेवर तिचे आजोबा बसले होते. गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणाले. एके काळी सोसायटीचे चेअरमन होते ते, आणि त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे तिनं मला वाटेतच सांगितलं होतं.

मी कामाला लागले. भाकरी छान, ठेचा छान, चूल छान, म्हैस छान. पेरूच्या झाडाचं कौतुक केलं तर आबांनी पिशवी भरून पेरू दिले. "धन्यवाद." ठेच्याचं केलं तर तिच्या आईनं बरणी भरली. "धन्यवाद." पितळी तांब्याचं केलं तर आबा म्हणाले, "न्ये की मग," आणि आतून तिची आई हसून ओरडली, "अवो आबा, पानी कशानं पिणार?" सगळे हसले, मीही हसले, आणि तांब्या राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की इथं काही बोलणी घेण्यासाठी असतात आणि काही हसण्यासाठी.

जेवताना मी नाताळाच्या गप्पा मारल्या. आमच्या घरावरची चांदणी, मम्मीच्या करंज्या, चर्चमधली गाणी. आणि मोठ्या फुशारकीनं सांगितलं, की नाताळाला आमच्याकडे अख्ख्या गल्लीला पुरेल एवढं मटण असतं. ती मन लावून ऐकत होती.

जेवणानंतर तिनं मला शेवग्याखाली नेलं. तिथं तिची शेळी होती. शेळी कसली, करडूच ते, चांगलं वाढलेलं. काळंभोर, फक्त कानांवर पांढरे शिंतोडे. आणि दिवसभर मोजून-मापून बोलणारी ती मुलगी एकदम बोलायला लागली. करडाची आई व्यायली त्याच दिवशी मेली. मग या मुलीनं बाळाची बाटली आणून करडाला पाजलं. थंडीत घरात घेतलं. शेळी हिच्या दप्तरावर झोपायची, म्हणून पुस्तकांना अजून वास येतो. शाळा सुटायच्या वेळेला ती वाटेवर येऊन उभी राहते. दावं तिला कधी लागलंच नाही. ती हे सगळं सांगत असताना शेळी तिच्या परकराचं टोक चघळत होती आणि ती चघळू देत होती.

"कित्ती गोड आहे!" मी म्हणाले. "मला अशी असती तर किती बरं झालं असतं!"

बाजेवरून आबा म्हणाले, "आवडली? मग जा घिऊन."

ती हसली. ती का हसली हे मला आता पक्कं माहीत आहे. पुढचं वाक्य कुणाचं आणि काय, हे तिला ठाऊक होतं. पाहुणी म्हणणार, "नको आबा, तुमच्याकडंच बरी हाय." आबा म्हणणार, "अगं ने, लाजू नगं." पाहुणी पुन्हा नको म्हणणार, आणि शेळी शेवग्याखालीच राहणार. देणाऱ्याचा मोठेपणा झाला, घेणाऱ्याची शोभा झाली, सगळं जागच्या जागी.

मी आबांच्या डोळ्यांत बघितलं, हसले आणि म्हणाले, "धन्यवाद, आबा."

आत भांडी घासायचा आवाज थांबला. आबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग नातीकडे, मग उसाकडे. "बरं," ते म्हणाले. "न्ये."

तिच्या तोंडावर हसू तसंच होतं, काढायचं राहून गेल्यासारखं. डोळे मात्र भरून आले होते, आणि ते मी पाहिले. मला काही कळलंच नाही, लहान होते, शाळेनं शिकवलं तसं वागले, असं मला आजही म्हणता येईल आणि ऐकणारे मान डोलावतील. पण मी तिचे डोळे पाहिले होते. आणि एकदा धन्यवाद म्हटल्यावर आता नको कसं म्हणायचं, या अडचणीमागे मी लपले, कारण मला ती शेळी हवी होती. तिनंच घरातून दावं आणलं. गाठ कशी मारायची हे मला येत नव्हतं, म्हणून तिनंच मारली.

बसच्या ड्रायव्हरकाकांनी कटकट केली, पण बाई हरखून गेल्या. "बघा, मोकळ्या मनानं कौतुक केलं की माणसं किती भरभरून देतात!" त्यांनी माझा आणि शेळीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. मुलांनी आवाजी मतदानानं तिला एक नवीन नाव दिलं. तिचं आधीचं नाव काय होतं हे कुणी विचारलं नाही. मला ते माहीत होतं, पण मी बोलले नाही. शेळी पुलापर्यंत ओरडत होती, पुढं ओरडायची थांबली.

मम्मीनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं, आणि माझी सगळी हकीकत ऐकून घेतली. मम्मी शिरूर तालुक्यातली, केंदूरकडची. तिच्या माहेरी शेरडं होती. तिनं एकच प्रश्न विचारला.

"नको किती वेळा म्हणालीस?"

"एकदापण नाही. बाईंनी सांगितलंय की..."

"बाईंचं राहू दे. शेजारच्या काकूंनी चहा विचारला तर आपण काय करतो?"

आम्ही दोनदा नको म्हणतो. तिसऱ्यांदा कप हातात घेतो. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. कपभर चहाला मी दोनदा नको म्हणत आले होते, आणि कुणाच्या जिवाला एकदाही म्हणाले नव्हते. मम्मी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती शेळीच्या गळ्याला हात लावून बघत राहिली, दावं काचतंय का म्हणून.

तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या. "वा! नाताळाची सोय झाली की!" त्या गमतीनंच म्हणाल्या. पण जेवताना मी काय काय सांगितलं होतं ते मला आठवलं. चांदणी, करंज्या आणि गल्लीभर मटण. ती मन लावून ऐकत होती. तिनं दाव्याची गाठ मारली तेव्हा तिच्या डोक्यात काय असेल, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

मम्मीनं बाईंकडून नंबर घेऊन आबांना फोन लावला. स्पीकरवर त्यांचा आवाज मोठा आणि प्रेमळ होता. "अवो ताई, पोरीनं त्वांडानं मागितली न्हाई, मीच दिली. दिल्यालं माघारी घ्यायची रीत न्हाई आमच्यात. तुमची लेक ती आमची लेक. खुशाल ऱ्हाऊ द्या." मम्मीनं चार प्रकारे सांगून पाहिलं. चारही प्रकारे तेच उत्तर आलं. "नातीला वाईट वाटत असेल," असं ती शेवटी म्हणाली. आबा म्हणाले, "पोरासोरांचं काय, आज रडतील उंद्या इसरतील." म्हणजे ती रडत होती.

शेळी खात नव्हती. फ्लॉवरची पानं नाही, चपाती नाही, माझ्या वाटणीची बिस्किटं नाहीत. कुणी कुंपणाच्या दारातून आलं की मान वर करायची, आणि बघून पुन्हा खाली घालायची. मी तिला नव्या नावानं हाका मारल्या, मग लाज वाटून जुन्या नावानं मारली. तिनं इतक्या आशेनं कान टवकारले की मी पुन्हा ते नाव घेतलं नाही. पप्पा ड्यूटीवरून आले, तिच्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "हिला घर कळतंय बघ." मला शाळेत मात्र सगळे भाग्यवान म्हणत होते. बाईंनी ठरवलं की शनिवारी समारोपाला मी शेळीसकट स्टेजवर यायचं आणि घेण्याचा आनंद या विषयावर दोन शब्द बोलायचे. मी "नको" म्हणाले. बाई हसल्या. "अजून नको? आठवडाभर काय शिकलो आपण?"

शनिवारी मैदानात मांडव होता. वडगावची मुलं बसमधून उतरली. आबा पाहुणे म्हणून आले होते, पांढरंशुभ्र धोतर आणि फेटा. ती सगळ्यात शेवटी उतरली. इस्त्रीचा गणवेश, लाल रिबिनी, आणि हातात पिशवी. माझी नजर चुकवत ती माझ्यापाशी आली आणि पिशवी पुढे केली. आत शेवरीचा ताजा पाला होता, आणि पाल्याखाली ती बाळाची बाटली.

"वाळल्याला पाला खात न्हाई ती," ती म्हणाली. "पानी कोमट करून दे. आन् थंडीचं अंगावर पोतं टाकत जा."

मी मान हलवली. तिचं सांगून झालं तरी ती तिथंच उभी राहिली. मग खाली बघत विचारलं, "नाताळ कवा हाय तुमचा?"

 "आम्ही तिला कापणार नाही," एवढं साधं वाक्य होतं, पण ते म्हणावं लागतंय याचीच मला इतकी शरम वाटली की मी पिशवीतला पाला उगाच चाचपत राहिले. तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं आणि मला स्टेजवर ढकललं.

शेळीच्या गळ्यात गुलाबी रिबीन होती. बाईंनी तिची गोष्ट सांगितली, म्हणजे बाईंना दिसली तेवढी. टाळ्या झाल्या. शेळीनं मांडवात त्या मुलीला पाहिलं आणि अशी ओरडली की लोक हसले. माझ्या हातातलं दावं ताणलं गेलं. माइक माझ्यासमोर होता, सगळे धन्यवादाची वाट बघत होते, आणि मी म्हणाले, "मला ही नको."

 मला वाटलं होतं की एवढं म्हटलं की सुटले. पण पहिल्या रांगेत आबांचा चेहरा मी पाहिला आणि कळलं की मी आणखी एक घाण करून ठेवली. अंगणात म्हटलेलं नको म्हणजे रीत. चार गावच्या लोकांसमोर, दिलेली वस्तू हातात धरून म्हटलेलं नको म्हणजे देणाऱ्याच्या तोंडात मारल्यासारखं. आबा उठून उभे राहिले. "काय खोट निघाली व्हय शेरडात?" त्यांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण त्यातला प्रेमळपणा गेला होता. मी रडायला लागले. बाई माइक हातात घेऊन नुसत्याच उभ्या होत्या. त्यांच्या प्रशिक्षणात हे नव्हतं.

पालकांच्या मागच्या रांगेतून मम्मी उठली. डोक्यावर पदर घेतला, एरवी ती चर्चमध्येच घेते, आणि सरळ आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, पोरगी घाबरली, तिला बोलता येईना. खोट शेळीत नाही, आमच्यात आहे. क्वार्टरमध्ये जागा नाही, चारा नाही. शेळी आम्ही घेतली, ती आमचीच. पण सांभाळायला तुमच्या नातीकडं अर्धलीनं ठेवाल का?"

अर्धली शहरात कुणाला कळायची नाही, पण वडगावच्या सगळ्या मुलांनी माना वर केल्या. जनावर एकाचं, सांभाळणारा दुसरा, आणि होणारी पिल्लं दोघांत निम्मी. आमच्या भागात ज्याच्याकडे जनावर आहे पण जागा नाही त्याची, आणि ज्याच्याकडे जागा आहे पण जनावर नाही त्याची, दोघांची सोय यावर चालत आली आहे. यात कुणी कुणाला देत नाही आणि कुणी कुणाचं घेत नाही.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "ह्ये वेव्हाराचं बोललात," ते म्हणाले. "अर्धलीनं म्हंजी माघारी घेतल्यासारकं न्हाई. पर पयलं करडू कुणाचं?"

"तुमच्या नातीचं," मम्मी म्हणाली.

"आन् दुसरं तुमच्या लेकीचं. ठरलं मग."

मी दावं सोडलं. शेळी स्टेजच्या पायऱ्या न उतरता वरूनच उडी मारून गेली आणि तिनं त्या मुलीला जवळजवळ पाडलंच. टाळ्या पुन्हा झाल्या, बाईंनीही डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं गोष्ट संपली. मलाही वाटलं. त्या संध्याकाळी मी इतकी हलकी झाले होते की पोटभर जेवले.

पण अर्धली ही विसरायची गोष्ट नसते, निदान त्या मुलीसाठी नव्हती. शेळी व्यायली की तिचा फोन यायचा. "तुझी शेळी व्याली. दोन हायत." मी म्हणायची, दोन्ही ठेव. ती म्हणायची, तसं कसं. बोकड असला तर डिसेंबरात हटकून विचारायची, "नाताळाला न्येणार का?" आणि मी फोन मम्मीकडे द्यायची. मम्मी म्हणायची, तुमच्याकडंच वाढू दे, पुढं बघू. आमच्या घरात नाताळाला मटण न खाणारी मी एकटीच. पप्पा चिडवतात, चर्चमधले विचारतात, तब्येत बरी आहे ना? मी हो म्हणते आणि भात वाढून घेते.

गेल्या वर्षी आबा गेले. नाताळाच्या आधी मम्मी आणि मी करंज्या घेऊन वडगावला गेलो. ती मुलगी आता शिरूरला कॉलेजला जाते, सकाळच्या एसटीनं, आणि परत आली की शेरडांचं बघते. शेवग्याखाली कळप म्हणावा एवढी शेरडं होती. काहींच्या गळ्यात लाल दोरा होता.

"दोऱ्याच्या तुझ्या," ती म्हणाली. "चुकून बाजारात जायला नकोत म्हणून."

मी बघत राहिले. दोऱ्याच्या शेरडांच्या अंगावर तेज होतं, ती भरलेली होती. बिनदोऱ्याच्यात एक लंगडं होतं, एक मरतुकडं. जुळी झाली की धडधाकट पिल्लू ती माझ्या नावावर टाकत आली होती. का, हे मी विचारलं नाही. पाहुणीची वस्तू, तिला उणं पडता कामा नये, हे तिच्या घरात दगडावरच्या रेघेसारखंच असणार. ती पहिली काळी शेळी आता म्हातारी झाली होती. तिच्या गळ्यातही लाल दोरा होता. मी हाक मारली, जुन्या नावानं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मम्मी तिच्या आईजवळ आत बसली होती. मी बाहेर शेवग्याखाली त्या मुलीशेजारी जाऊन उकिडवी बसले. ती शेवरीच्या फांद्यांचा पाला ओरबाडत होती. मी कितीतरी दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. आता आबा नाहीत. त्यांच्या शब्दाचा प्रश्न नाही. ती काळी, तिची पिल्लं, सगळी तुझीच. ती मुळात तुझीच होती. मला काही नको.

तिचा हात थांबला नाही. आठवीत हसायची तशी ती आधी हसली.

"त्या दिशी म्हणायचं व्हतंस," ती म्हणाली. "मी वाट बघत व्हते. एकदा जरी नको म्हणाली असतीस ना."

 तिनं ओरबाडलेली फांदी बाजूला टाकली आणि दुसरी घेतली.

"आता तू देतीस आन् मी घिऊ? न्हाई. अर्धली हाय, अर्धलीच ऱ्हाऊ दे."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी माफी मागितली असती, आणि तिनं माफ केलं असतं किंवा नसतं केलं. तिनं हात परकराला नाही, आता सलवारीला पुसले आणि उठली.

"च्या घेतीस?"

"नको," मी म्हणाले.

"घे की."

"नको गं, खरंच."

ती चहाला पातेलं घेऊन आत गेली, आणि म्हातारी शेळी उठून तिच्या मागोमाग गेली.